फलकावरची हाक

आरपीडी कॉर्नरच्या सिग्नलला सिटी बस थांबली आणि खिडकीशी बसलेल्या भावकूला समोर आपलंच तोंड दिसलं. आधी वाटलं, काचेत दिसत असेल, पण काच तर त्यानंच मघाशी वाऱ्यासाठी सरकवली होती. तोंड समोरच्या दुमजली दुकानाच्या डोक्यावर होतं, लोखंडी सांगाड्यावर ताणलेलं, शटरएवढं रुंद, ओरडायला उघडलेलं. डोळे गच्च मिटलेले, गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या वर आलेल्या. मागं माणसांनी खचाखच भरलेलं स्टेडियम, पुढं एकमेकांच्या मानेवर हात टाकून वाकलेले दोन पैलवान, आणि त्या दोघांच्या वर, गर्दीतून उपटून काढल्यासारखं, हे तोंड. खाली कानडीत ठसठशीत अक्षरं, ‘नम्म ऊरु, नम्म कुस्ती’, म्हणजे आपलं गाव, आपली कुस्ती, आणि त्याखाली इंग्रजीत लांबलचक काहीतरी. कपाळावरचा गंध आणि बुक्का कुणीतरी स्वच्छ पुसून टाकला होता. दोन्ही गालांवर तिरंग्याचे पट्टे ओढले होते. पांढऱ्या टोपीच्या जागी पोरं घालतात तसली निळी टोपी बसवली होती. वर गेलेल्या हातांतले टाळ गेले होते आणि नुसत्या मुठी राहिल्या होत्या. एवढं सगळं बदललं होतं, तोंड तेवढं तसंच होतं. भावकूचा हात आपसूक आपल्या ओठांवर गेला, जसा भर बाजारात धोतराचा सोगा सुटला की जातो. बस सुटली, वळली, फलक मागं गेला, तरी त्यानं हात काढला नाही. शेजारच्या बाईनं विचारलं, आप्पा, मळमळायलंय काय? त्यानं मान हलवली. ती होय होती की नाही, बाईला कळलं नाही, त्यालाही नाही.

फलक कशासाठी ते त्याला ठाऊक होतं. शहरात दुसरं बोलणंच नव्हतं. आशिया खंडाची कुस्तीस्पर्धा भरवायला गाव पाहिजे होतं आणि चार-पाच गावांनी आम्हाला द्या म्हणून हात वर केले होते. त्यांत बेळगाव होतं, दावणगेरे होतं, आणि गंमत अशी की कोल्हापूरही होतं. त्यामुळं भावकूच्या गावात, कंग्राळीच्या पारावर म्हातारी माणसं कोड्यात पडली होती. जन्मभर ज्या कोल्हापूरकडं तोंड करून बसलो, ते हरावं म्हणून देवाला नारळ कसा बोलायचा? आणि जिंकावं म्हणावं तर आपल्याच पोराबाळांच्या पोटावर पाय. शेवटी कुणीतरी तोडगा काढला की देवाला काहीच बोलायचं नाही, त्याला काय करायचं ते तो करील. गुरुवारी पाहणी समिती येणार होती. तिला दिसेल एवढ्या रस्त्याला डांबर पडलं, गटारांवर फरश्या बसल्या, भटकी कुत्री कुठंतरी नेऊन सोडली. दुभाजकावर कुंड्या आल्या आणि कुंड्यांना राखायला माणसंही आली. भावकूचा लेक साईराज ज्या कंपनीत होता तिच्याकडंच शहराची जाहिरात होती. गेला महिनाभर तो घरी जेवायला नव्हता आणि असला तरी डावा कान फोनला दिलेला. यजमानपद मिळालं तर कंपनीला वर्षा-दोन वर्षांचं काम, आणि साईराजची नोकरी पक्की. सून माधवी हे बोलताना ‘पक्की’ शब्दावर जरा थांबायची, जसं गरम भांडं खाली ठेवताना माणूस थांबतं.

भावकू तसा न बोलणाराच. उद्यमबागेत एका फाउंड्रीत त्याचा जन्म गेला. तिथं काळ्या वाळूचा धुरळा एवढा की तोंड उघडलं तर दातात कच् व्हायचं, म्हणून सगळे मुक्यानंच कामं करायचे, हातवारे आणि भुवया. घरी आला तरी ती सवय सुटायची नाही. त्याचं तोंड उघडायचं एकाच ठिकाणी, कीर्तनात. आता कीर्तनाची गोडी ज्याला आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही, आणि ज्याला नाही त्याला सांगून कळत नाही. दिवसभर ज्या माणसाला कुणी हिंग लावून विचारत नाही, तो माणूस टाळ घेऊन महाराजांच्या मागं उभा राहतो, पखवाजावर थाप पडते, पायाखालची सतरंजी सगळ्यांच्या पावलांबरोबर हलायला लागते, आणि कधीतरी आपला आवाज आपल्या गळ्यातून निघतोय की शेजाऱ्याच्या, हे कळेनासं होतं. तेवढ्यापुरतं आपण कुणीच नसतो. ह्या कुणीच नसण्यासारखं सुख दुसरं नाही. भावकूला ते सुख कळलेलं होतं. त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतंच, आणि हेच आता त्यांनी रस्त्यावर टांगलं होतं. शिवाय त्या विशिष्ट तोंडाचं आणखी एक होतं, ते तर कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती गेल्याचं वर्ष सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. ती म्हणजे त्याची बायको. कागदावर लक्ष्मीबाई, गावात लक्ष्मीआक्का. हे नाव तिला भावकूनंच दिलं होतं, लग्नात, तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीनं लिहून. आईनं आधीच सांगून ठेवलं होतं काय लिहायचं ते. त्यानं ‘लक्ष्मी’ ही अक्षरं कशीबशी कोरली, भटजींनी ‘वा’ म्हटलं, बायका हसल्या, आणि समोर मुंडावळ्यांच्या आडून तिनं त्या तांदळाकडं असं बघितलं, जसं आपलं सामान दुसऱ्या कुणाच्या गाडीत चढवताना माणूस बघतं. लिहिलं खरं, पण ते नाव त्यानं कधी उच्चारलं नाही. त्यांच्या पिढीत नवऱ्यानं बायकोचं आणि बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायची रीतच नव्हती. ‘अगं’, ‘ऐकलीस काय’, ‘कुठं हाय ती’, एवढ्यात सगळा संसार झाला. तिचं माहेर निपाणीचं. तिथं ती मनू होती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तो जावई म्हणून खाटेवर बसला होता. दारापुढं तंबाखू वाळत पडलेला, त्या वासानं डोकं जड झालेलं, आणि सासू उंबऱ्यात उभी राहून परसाकडं तोंड करून हाक मारत होती, ‘मनूऽऽ’. मागून उत्तर आलं, ‘आलेऽ’. त्या आवाजाला कंग्राळीत कधी नसलेली धार होती. खाटेवर बसल्या बसल्या भावकूला चोरट्यासारखं वाटलं. ही कोण? ही आपल्या घरात कधी आलीच नाही. त्याला वाटलं, एकदा आपणही अशी हाक मारून बघावी. पण रीत होती, लाज होती, सासू होती. मग पोर झालं, मग फाउंड्रीची दुसरी पाळी, मग पोराची शाळा, मग राहूनच गेलं. आणि एके सकाळी चुलीपुढं तिच्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यात ती पडून राहिली त्या सगळ्या दिवसांत तिचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. भावकू कान तिच्या तोंडाशी न्यायचा. नुसता श्वास लागायचा कानाला, ऊन. ती काय म्हणत होती ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. तो रडलाही नाही. लोक म्हणाले, घट्ट माणूस.

त्या माघात कंग्राळीच्या सप्ताहात नंदगडच्या मारुतीराव महाराजांचं कीर्तन होतं. महाराज तसे साधे, आवाज जाडाभरडा, पण दृष्टांत असा देतील की समोरच्याला आपल्या घरातलंच कुणी बोलतंय वाटावं. त्या दिवशी त्यांनी शेतात खुरपणाऱ्या आईची गोष्ट लावली. पोर बांधावर झोळीत झोपलेलं. ते अजून रडलेलं नाही, नुसता ओठ हलवलाय त्यानं, आणि तिकडं सरीत वाकलेल्या आईच्या छातीत पान्हा उतरतो, खुरपं हातातून गळतं. महाराज म्हणाले, बाबांनो, हाक ओठांवर यायच्या आधीच पोचलेली असते, फक्त ऐकणारी आई पाहिजे. आणि त्यांनी गजर धरला. शे-दीडशे माणसं एका घशानं विठ्ठल म्हणून उठली, पखवाज कडाडला, आणि भावकूच्या आत कुठंतरी, जिथं नुसते ओठ हलत होते तिथं, एकदम काहीतरी फुटलं. डोळे मिटले. हात वर गेले. आणि त्यानं हाक मारली, ‘मनूऽऽ’. एकदा, दोनदा, किती वेळा कोण जाणे. त्या गदारोळात त्याचा शब्द कुणाला ऐकू येणार? पखवाजावर आण्णाप्पा होता, हाताच्या अंतरावर, त्यालाही नाही आला. देवाच्या दारात, देवाच्या नावाच्या गर्दीत लपवून, भावकूनं जन्मात पहिल्यांदा बायकोला नावानं हाक मारली. मागून आलेऽ आलं नाही, पण आलं असतं असं वाटलं. कीर्तन संपल्यावर त्यानं महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं तेव्हा महाराज म्हणाले, आज माउली लागली म्हणायची. देवाला फसवलं असं त्याला एकदाही वाटलं नाही. देव काय, दोन नावांतला फरक करत बसतो होय?

आणि साईराज तेव्हा मांडवाच्या खांबाला टेकून मोबाइलवर फोटो काढत होता.

आता सगळ्या शहराला ते तोंड दिसत होतं. सदाशिवनगरहून निघालं तरी दिसत होतं, स्टँडवर दिसत होतं, खडेबाजारात वळणावर दिसत होतं. भावकूला एकच भीती धरून बसली: ओठ. विठ्ठल म्हणताना ओठ पसरतात. फलकावरचे ओठ पसरलेले नव्हते. पुढं आलेले होते, गोल, चंबूच्या तोंडासारखे. कुणी शांतपणे खाली उभं राहून नीट बघितलं, तर त्याला ती हाक वाचता येईल. लोक मात्र भलतंच बघत होते. दूधवाला म्हणाला, आप्पा, तिकीट काढलाय काय अत्तापासनं? लेकाच्या फ्लॅटचा वॉचमन म्हणाला, अज्जा, यार बाजू? कुणाच्या बाजूनं? माधवीच्या ऑफिसातल्या बायकांनी फोटोखाली उभं राहून फोटो काढून घेतले. ‘मामा, तुम्ही फेमस झालात,’ ती म्हणाली, मग तिची नजर त्याच्या तोंडावर गेली. तिनं त्या रात्रीपासून फोटोचा विषय काढला नाही. भावकू रस्त्यानं खाली मान घालून चालू लागला. कीर्तन-भजनाला गेला तर टाळ वाजवायचा आणि ओठ मिटून ठेवायचा. शेजारच्यानं विचारलं, घसा बसलाय काय? व्हय म्हणाला.

बरोबर वाचलं ते भीमसेननं. भीमसेन फाउंड्रीत त्याच्या शेजारच्या साच्यावर होता, निवृत्तही बरोबरच झाला. आता त्याची पोरगी ज्योत्स्ना बँकेत मॅनेजर आणि हा दुपारचा चहाच्या गाड्यावर बसून असायचा. गाडा नेमका फलकासमोर. भावकू दिसताच त्यानं बाकावर सरकून जागा केली आणि दोघं चहाचे ग्लास धरून, फाउंड्रीतल्यासारखे, शेजारी-शेजारी बसले. मग भीमसेन म्हणाला, ‘ह्ये कुस्ती बघणाऱ्याचं तोंड न्हवं.’

भावकूनं चहात बघितलं.

‘वैनी गेल्यावर मी तुझ्या शेजारी बसलोतो की. म्हटलं अत्ता रडंल, मग रडंल. रडला न्हाईस. आणि ह्ये हितं टांगलंय बघ. कुणाला हाक मारायलाईस रं?’

‘देवाला.’

‘मला नगं सांगूस,’ भीमसेन म्हणाला. ‘मी देव मानत न्हाय, पर हाक वळखतो.’ आणि त्यानं गाडेवाल्याला अजून दोन कटिंग सांगितले. पुढं त्यानं विचारलं नाही. एवढंच म्हणाला, की लेकाला सांग आणि काढून टाक. लेक तुझाच हाय.

सांगायला तो त्याच संध्याकाळी गेला. साईराज सोफ्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन होता. भावकू समोर उभा राहिला, टीव्हीच्या आणि त्याच्या मध्ये.

‘ते काढ.’

‘काय काढू, आप्पा?’

‘माझं तोंड. काढून टाक म्हणायलोय.’

साईराजनं लॅपटॉप बाजूला ठेवला, हे त्याच्या बाजूनं मोठंच म्हणायचं. मग त्यानं समजावलं. पोरगा वाईट नव्हता, समजावताना त्यानं आवाज चढवला नाही. म्हणाला, मॉडेल आणली होती, नाटकातली माणसं आणली होती, ओरडा म्हटलं की ओरडायची, पण फोटोत खोटं दिसायचं. नागेंद्र सर म्हणजे त्याचे वरिष्ठ, त्यांनी तर हात टेकले होते. मग सहज मोबाइलमधला तुमचा दाखवला. सर खुर्चीवरून उठले. म्हणाले, ह्या माणसाला बघून समितीला कळंल, हितल्या लोकांचा जीव कशात हाय. ‘आप्पा, असलं तोंड मागून मिळत न्हाय. सगळ्या प्रेझेंटेशनचा जीव हाय त्यो. गुरुवारी समिती येणार, आणि मी आज काय म्हणून काढू? कारण तरी सांगा.’

कारण. भावकूच्या जिभेवर ते आलं होतं. पण ते सांगायचं म्हणजे त्यातला शब्द सांगायचा. लेकापुढं, त्याच्या आईचं माहेरचं नाव, बापानं घ्यायचं. दिव्याच्या लख्ख उजेडात, स्वयंपाकघरातून कुकरच्या शिट्ट्या येत असताना. साईराजला नाव माहीत होतं, आजोळी आजी तीच हाक मारायची. म्हणजे म्हटल्याबरोबर त्याला सगळं कळणार, बाप देवाच्या मांडवात काय करत होता ते. भावकूची मान तापली. तोंडात वाळूचा कच् आला, इतक्या वर्षांनी.

‘गंध पुसलास तू,’ तो म्हणाला.

साईराजच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. ‘तेवढंच व्हय? अवो, ठेवला असता, पर मग उगाच कोण म्हणणार ह्यांचं, कोण म्हणणार त्यांचं. फुडच्या टायमाला ठेवतो की.’ आणि मग, बापाला खूश करायचं म्हणून, त्यानं आणखी एक सांगितलं. गुरुवारी मैदानावर कंग्राळीच्या भजनी मंडळाला बोलावायचं त्यानं सरांकडून मंजूर करून घेतलं होतं. टाळ, पखवाज, सगळं. ‘तुमची मानसं, तुमचं कीर्तन. समितीपुढं. आईला केवढं बरं वाटलं असतं.’

आईला. भावकू टीव्हीपुढून बाजूला झाला. जन्मभर तोंड बंद ठेवायला शिकलेल्याला आता ते उघडता येत नव्हतं, आणि ह्यात लेकाचा काय दोष काढायचा? आत जाऊन तो पलंगावर बसला. माधवीनं पाणी आणून दिलं. घोट घेताना ओठ गोल झाले, ते त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं तांब्या खाली ठेवला.

गुरुवारी मंडळ आलं. म्हातारी, अर्धवट म्हातारी माणसं, धुतलेली धोतरं, बसमधून उतरताना एकमेकांचे टाळ सांभाळत. त्यांना एकसारखे भगवे फेटे दिले, पोहे दिले, आणि मंडपाच्या सावलीत खुर्च्या दिल्या. आण्णाप्पानं पखवाजाला कणीक लावून घेतली. सगळे हरखले होते. परदेशी माणसं आपलं कीर्तन ऐकणार, म्हणजे नाव कुठल्या कुठं जाणार, देवाचं म्हणायचं हो, आपलं काय. मग नागेंद्र सर आले. गोरा, घामेजलेला, हसतमुख माणूस. मराठी अडखळत बोलायचा पण मनापासून.

‘आप्पाजी, एक विनंती. शब्द नको.’

कुणाला काही कळलं नाही.

‘मराठी म्हटलं की हे लोक मोर्चा घेऊन गेटवर. कन्नड म्हटलं की ते लोक गेटवर. आज एक दिवस, दोघंही नको. नुसतं टाळ, नुसती पावली. मध्ये मध्ये हो-हो करा, जोरात. समितीला भाषा कुठं समजते?’

‘आणि देवाचं नाव?’ आण्णाप्पानं विचारलं.

‘मनात,’ नागेंद्र सर म्हणाले, आणि खरोखर हात जोडले.

कुणीतरी म्हणालं, माघारी जाऊया. कुणी म्हणालं, पोहे खाऊन बसलाय की रं. आण्णाप्पा म्हणाला, नाव घ्यायचं न्हाय तर टाळ कशाला कुटायचं, पत्रं कुटलं तरी चालतंय. पण साईराज तिकडं उन्हात धावत होता, गळ्यात ओळखपत्र, शर्ट पाठीला चिकटलेला. तो गावचाच पोर, लक्ष्मीआक्काचा. त्याच्याकडं बघून म्हातारी माणसं उठली. आणि हळूहळू टाळ वाजू लागले. शब्दाशिवायचं कीर्तन. पावली तीच, उडी तीच, पण आत कुणी नसलेल्या घराचं दार सारखं उघडावं आणि लावावं तसं ते वाटत होतं. हो-हो म्हणताना म्हातारी माणसं लाजत होती. भावकूला मात्र, आधी वाईट वाटलं, मग एक विचित्र निवांतपणा आला. चला, आज कुणाचंच तोंड आपलं नाही.

समिती आली. त्यातली एक बाई, उंच, करड्या केसांची, कुठल्या तरी थंड देशातली, टाळ बघून थांबली. मग तिची नजर भावकूवर पडली आणि ती ओळखीचं हसली. विमानतळापासून इथंपर्यंत तिनं त्याचं तोंड बघितलंच होतं. ती सरळ त्याच्याकडं आली. साईराज धावत बरोबर आला, मागं नागेंद्र सर, त्यांच्यामागं कॅमेरे. बाईनं काहीतरी विचारलं. आवाज मऊ होता. साईराजनं सांगितलं, ‘आप्पा, त्या इचारायल्यात, फोटोत तुमी कुणाचं नाव घेऊन ओरडायलाय?’

एवढ्या दिवसांत सगळ्यांनी चेष्टा केली, कौतुक केलं, पण हे असं, नीट, उत्तराची वाट बघत, भीमसेन सोडून कुणी विचारलं नव्हतं. बाईचे डोळे पाणीदार होते. तिचंही कुणी गेलं असावं असं भावकूला का वाटलं कोण जाणे. तिला मराठी येत नव्हतं, कंग्राळी ठाऊक नव्हती, रीत ठाऊक नव्हती. विठ्ठल म्हणावं तर तो शब्द आज बंद. आणि म्हटलं तर ते खोटं, देवाच्या नावावर खोटं. त्याला तांदळाचं ताट दिसलं. अंगठीचा ओरखडा दिसला. मग तो म्हणाला, साध्या बोलण्यातल्या आवाजात, कुणाला हाक न मारता:

‘मनू.’

साईराजचा चेहरा आधी तसाच राहिला. मग कान लाल झाले, आईचे व्हायचे तसे. तो बापाकडं बघत राहिला. ‘कोण?’ त्यानं विचारलं. त्याला कळलं होतं. कळलं नव्हतं असं दाखवायला त्यानं विचारलं.

‘मनू म्हणून सांग,’ भावकू म्हणाला.

बाई वाट बघत होती. नागेंद्र सरांनी भुवया उंचावल्या. कॅमेरा साईराजकडं वळला. त्यानं ओठांवरून जीभ फिरवली आणि इंग्रजीत सांगितलं. भावकूला इंग्रजी येत नव्हतं, पण ‘रेसलर’ कळलं. महिनाभर तेच ऐकत होता. रेसलर, लोकल रेसलर, मनू.

बाईचा चेहरा खुलला. ‘मनू!’ ती म्हणाली, आणि मूठ वर केली. नागेंद्र सर असल्या क्षणाला चुकणारे नव्हते. त्यांनी वळून गॅलरीकडं हात फिरवला. तिथं कॉलेजची पोरं निळ्या टोप्या घालून बसवली होती. ‘मनू! जोरागि! जोरात!’ आणि गॅलरी उठली. मनू, मनू, मनू. ढोल त्या ठेक्याला लागला. आणि मंडळ, ज्यांचे शब्द सकाळपासून काढून घेतले होते, त्यांना एक शब्द मिळाला. भुकेल्यासारखे ते त्यावर पडले. आण्णाप्पानं दुप्पट लयीची दुगण धरली, म्हाताऱ्यांची पावलं जमिनीवरून उठू लागली, दोन अक्षरं टाळांवर पडून लखलखू लागली. आण्णाप्पा वाजवता वाजवता भावकूकडं झुकला. ‘कुठल्या तालमीचा रं ह्यो?’ त्यानं विचारलं. चेहरा आनंदानं फुललेला. भावकूनं ऐकू आलं नाही असं दाखवलं.

पुढं दोन महिन्यांनी यजमानपद तिसऱ्याच कुठल्या तरी शहराला गेलं, जिथं म्हणे स्टेडियम आधीपासूनच होतं. कोल्हापूरलाही नाही, बेळगावलाही नाही, त्यामुळं पारावरची म्हातारी माणसं सुटली. कुंड्या कुणी नेल्या कळलं नाही. कुत्री परत आली. साईराज दुसऱ्या कंपनीत गेला. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी, त्या उन्हात, भावकू हात खाली सोडून उभा होता आणि त्याच्या भोवती हजार तोंडं तेच नाव घेत होती, जे आजच्या आधी त्यानं जन्मात एका दिवशीच घेतलं होतं. त्याला ते आत शोधायचं होतं, आपल्या आवाजातलं, जाडसर, मांडवातलं. सापडेना. आत गेलं की बाहेरचंच ऐकू यायचं, ढोलावरचं. आता पुन्हा कधी हाक मारायची म्हटली तर ती हीच येणार, निळ्या टोपीतली, हे त्याला उन्हासारखं स्पष्ट दिसलं.

साईराज अजून समोरच होता. नागेंद्र सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, तू पण रे, म्हणून. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसतेच ओठ हलले. मग आवाज आला. ‘मनू,’ तो ओरडला, मग पुन्हा, मोठ्यानं. गळ्याच्या शिरा तट्ट झाल्या, डोळे मिटले, ओठ पुढं आले. भावकू त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. हे नोकरीचं ओरडणं की आईवेगळ्या पोराचं, ते बापालाही ओळखता येईना. आणि आलं असतं तरी कुणाला सांगणार होता तो?

कुणीतरी शिट्टी वाजवली. समिती पुढं निघाली होती, चित्रण झालं होतं. गॅलरी गप्प झाली, ढोल थांबला, टाळ थांबले. त्या एकदम पडलेल्या शांततेत साईराजचं एक ‘मनूऽऽ’ एकटंच राहून गेलं, उशिरा, चिरकं. ‘साकु, साकु, बस्स रे,’ नागेंद्र सर म्हणाले. पोरं खो-खो हसली, मंडळातली म्हातारी माणसंही हसली. साईराजनं डोळे उघडले, बाहीनं पुसले, आणि तोही हसला. आता आपणही काहीतरी करायला पाहिजे म्हणून, बऱ्याच उशिरानं, भावकूनं टाळ वाजवला.